जमा, नावे आणि छान

आमच्या साहित्य मंडळाची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता असते. चार वाजता फक्त वाचनालयाचा शिपाई येतो, वरच्या खोलीचं कुलूप काढतो, पंखा फिरतो का ते बघतो आणि खाली निघून जातो. सव्वाचारला मी पोचते, कारण मी बँकेत तेहेतीस वर्षं काढली आहेत आणि उशिरा यायला मला अजून जमत नाही. साडेचारपासून एकेक जण जिना चढू लागतो. पावलांबरोबर पिशवीचाही आवाज येतो. पिशवी कठड्याला आपटून धप्प वाजली की समजायचं, दीर्घकथा आहे.

साताऱ्याला साहित्याचं वावडं नाही. तिसरं ग्रंथकार संमेलन १९०५ साली इथंच भरलं होतं, पुढं १९६२ आणि १९९३ साली पुन्हा संमेलनाचा मांडव पडला. मर्ढेकरांचं मर्ढे आमच्याच जिल्ह्यातलं. त्यामुळे इथं कुणी रिटायर झाल्या झाल्या वही घेऊन बसलं, तर घरचे घाबरत नाहीत, फक्त चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणतात. मंडळात आम्ही अठरा जण आहोत. त्यातले सतरा लिहितात. हे आकडे नीट ध्यानात ठेवा, आमच्या दुखण्याचं मूळ त्यातच आहे. अठराव्याविषयी पुढं सांगते.

पद्धत साधी आहे. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग एकेकानं अभिप्राय द्यायचा. एक जण वाचतो, एवढा भाग खरा. बाकीच्यांपैकी ज्याचा नंबर पुढचा आहे तो मांडीवर कागद ठेवून ओठ हलवत असतो, ज्याचं वाचून झालंय तो आपलं कसं झालं याचा विचार करत असतो, आणि ज्याला आज वेळ मिळणार नाही असं दिसतंय तो घड्याळाकडे बघत असतो.

सुरुवात अध्यक्ष करतात. ते निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून सगळ्यांचेच सर. सरांचं प्रास्ताविक रविकिरण मंडळापासून निघतं. पुण्यात १९२३ च्या सुमारास माधव जूलियन, यशवंत, गिरीश वगैरे मंडळी रविवारी कशी जमायची, चहा कसा व्हायचा, कविता कशा गाऊन दाखवल्या जायच्या, आणि आज आपणही त्याच वाटेवर कसे आहोत. रविवार आणि चहा यांपलीकडे साम्य मला तरी सापडलेलं नाही, आणि चहाचेही आमच्यात दोन तट आहेत, साखरेचा आणि बिनसाखरेचा. शिवाय त्या कवींची टर उडवायला आचार्य अत्रे होते, त्यातून 'झेंडूची फुले' निघाली. आमची टर उडवण्याइतकी दखल अजून कुणी घेतलेली नाही.

मग कविता. कवितेआधी कवितेची पार्श्वभूमी. आमच्या हायकू लिहिणाऱ्या ताई तीन ओळींच्या हायकूआधी अकरा मिनिटं बोलतात. मी घड्याळ लावून बघितलंय. तो पक्षी त्यांच्या खिडकीत किती वाजता आला, तेव्हा गॅसवर काय होतं, यजमान काय म्हणाले, आणि मग पक्षी कसा उडाला. इतकं झाल्यावर हायकू येतो, त्यात पक्षी उडतो. आम्हाला आधीच कळलेलं असतं. हायकू लहान असतो म्हणून सगळ्यांना आवडतो, पण ताई एका वेळी चाळीस आणतात आणि प्रत्येक दोनदा वाचतात, म्हणजे शेवटी खंडकाव्याएवढा ऐवज होतो.

गझलकार आले की खोलीचा आवाज बदलतो. गझलेला अभिप्राय नंतर द्यायचा नसतो, मध्येच द्यायचा असतो. पहिली ओळ संपायच्या आत 'वा!', दुसरी सुरू व्हायच्या आत 'क्या बात है!', आणि काफिया काय येणार ते आधीच ओळखून तो कवीबरोबर म्हणायचा. आमच्यातला एक इंजिनिअरिंग कॉलेजातला मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं चुकून मतल्याआधीच, म्हणजे गझलकार घसा खाकरत असतानाच 'वा!' म्हटलं. गझलकारांनी त्यालाही मान लववून दाद घेतली.

आता मुख्य गोष्टीवर येते. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला कुठंही जमा आणि नावे दिसल्याशिवाय चैन पडत नाही. मंडळात जायला लागल्यावर सहाएक महिन्यांत माझ्या लक्षात आलं की इथं चालतं ती समीक्षा नव्हे, इथं चालतो तो आहेर. लग्नघरात रात्री दिवा लावून वही लिहितात ना, कुणाकडून काय आलं, म्हणजे त्यांच्या मुलीच्या लग्नात तेवढंच परत करता येईल, अगदी तसं. तोंडानं कुणी बोलत नाही, पण हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात पक्का असतो. माझा डोक्यात मावेना, म्हणून मी वहीच घातली. कथेच्या वहीच्या मागच्या पानापासून उलटी सुरू केली. डावीकडे दिलेला अभिप्राय, उजवीकडे आलेला.

एक पान जसंच्या तसं सांगते. फेब्रुवारीत मी सरांच्या ललित लेखाला 'चिंतनशील' दिलं. मार्चमध्ये सरांनी माझ्या कथेला 'प्रांजळ' दिलं. ज्याला दुसरं काहीच म्हणता येत नाही त्याला प्रांजळ म्हणतात, तेव्हा हे एकशे एक देऊन एकवीस परत आल्यासारखं झालं. एप्रिलमध्ये मी सरांच्या पुढच्या लेखाला 'बरा जमलाय' एवढंच म्हटलं. मे महिन्यात सरांनी चूक सुधारली आणि मला 'स्त्रीमनाचा ठाव घेणारी' मिळालं. खातं जुळलं. हायकूताईंचं आणि माझं खातं कायम चालू असतं, आम्ही एकमेकींना 'तरल' देतो. 'तरल'ची इतकी देवघेव झाली आहे की आता तो कुणाचा मूळचा, तेच सांगता येत नाही. गझलकारांकडे माझे तीन 'वा!' थकलेले आहेत. कथेत मध्येच 'वा!' कसं म्हणायचं, अशी त्यांची सबब आहे. ती मी मान्य केलेली नाही.

'छान'चा हिशेब मी ठेवत नाही. 'छान' म्हणजे आहेरातला ब्लाउजपीस. तो कुणी शिवत नाही, सगळे फक्त पुढं सरकवतात. बाकीच्या शब्दांचे मात्र भाव ठरलेले आहेत. 'प्रयोगशील' म्हणजे कळली नाही. 'थोडं संपादन हवं' म्हणजे मला बसला उशीर झाला. 'ओघवती' म्हणजे मध्ये मला डुलकी लागली, जाग आली तेव्हाही चालूच होती. आणि 'अंतर्मुख करणारी' हा सगळ्यात भारी आहेर, पैठणीच. तो ऐकल्यावर खोलीत दोन सेकंद शांतता पसरते. सगळे अंतर्मुख झालेले असतात असं नाही, हा आता आपल्याला परत करावा लागणार की काय, याचा जो तो अंदाज घेत असतो.

पूर्वी असं नव्हतं म्हणतात. तुकोबांच्या अभंगांवर आलेला अभिप्राय बघा, वह्या इंद्रायणीत बुडवा. ना 'संपादन हवं', ना 'पण एकूण छान'. आणि परंपरा सांगते की तो अभिप्राय देणारे रामेश्वरभट्ट पुढं तुकोबांचेच भक्त झाले. आमच्यात उलटं आहे. आधी भक्त असतात, मग स्वतःची कथा परत आली की बुडवायला निघतात. मर्ढेकरांच्या कवितेवर तर सरकारनंच अभिप्राय दिला होता, अश्लीलतेचा खटला भरून. त्यातून ते सुटले, पण सरकारनं एखाद्या कवितासंग्रहाकडे इतकं लक्ष द्यावं, याचा आमच्या गझलकारांना खोल कुठंतरी हेवा वाटतो असा मला संशय आहे.

आणि 'सत्यकथा'. आमच्या सगळ्यात वयस्कर सभासदांकडे, आबांकडे, ऐन तरुणपणी 'सत्यकथे'कडून परत आलेल्या कथेसोबतचं पत्र आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांच्या काळात कथा नुसती परत येत नसे. कुठं ढिली पडली, कुठलं पात्र उगाच आलं, असं लिहून येई आणि पुन्हा लिहून पाठवा म्हणून सांगणं असे. आबांनी पुन्हा लिहिली नाही. रागावले आणि दुसरीकडे छापली. 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद पडलं. छापलेली कथा कुठं आहे ते आबांना आठवत नाही, पत्र मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलंय. एकदा त्यांनी ते मला दाखवलं. वाचायला दिलं नाही, लांबूनच दाखवलं.

आता अठरावा माणूस. यांना आम्ही तात्या म्हणतो. तात्या एसटीत वाहक होते, निवृत्त झाले. घराशेजारी वाचनालय, वर पंखा, शिवाय चहा फुकट, म्हणून एकदा वर आले ते येतच राहिले. त्यांची एक विचित्र सवय होती. ते ऐकायचे. हात गुडघ्यावर ठेवून, तिकीट मागितल्यासारखे वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. सुरुवातीला सगळ्यांना ते फार अवघड वाटलं. सरांनी त्यांना 'आपलंही काही येऊ द्या' म्हणून दोनदा सुचवून पाहिलं. तात्या म्हणायचे, "आपलं काय नसतं सर. मी आपला ऐकतो."

दोन वर्षांपूर्वी, जूनच्या बैठकीत, मी माझी 'उतार' ही कथा वाचली. जून महत्त्वाचा, कारण दिवाळी अंकांना साहित्य पाठवायची घाई तेव्हाच सुरू होते. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाच्या नशिबी ऐन पावसाळ्यात दिवाळी आली आहे. बाहेर चिखल, छत्र्या जिन्यात ठिबकताहेत, आणि आम्ही फराळाच्या ताटाशेजारी शोभेल अशी कथा लिहितोय.

कथा अशी. नवऱ्याशी भांडून माहेरी आलेली बाई रात्रीच्या शेवटच्या एसटीनं साताऱ्याहून महाबळेश्वरला सासरी परत निघते. मेढ्याच्या स्टँडवर उतरून चहा घेते, कप हातात धरून विचार करते. हा विचार दीड पान आहे. मग गाडी पसरणी घाट चढू लागते, ती खिडकीतून खाली बघते, तर अंधारात वाईचे दिवे. त्या दिव्यांकडे बघताना तिचा निर्णय होतो. काय निर्णय, ते मी मोघम ठेवलं होतं. तेवढी जाण मला आहे.

वाचून संपलं तेव्हा माझा आवाज जरासा कापत होता. तसा तो कापावा अशी सकाळी आरशासमोर तयारीही झाली होती. सर म्हणाले, 'स्त्रीमनाचा ठाव'. हायकूताई म्हणाल्या, घाट हे प्रतीक आहे, बाईच्या आयुष्यातली चढण, आणि खालचे दिवे तरल आहेत. गझलकारांनी थकलेल्या तिनांपैकी एक 'वा!' फेडला. कॉलेजातला मुलगा म्हणाला की घाट इथं पितृसत्तेची वळणं दाखवतो. मला हे सुचलं नव्हतं, पण मी होकारार्थी मान हलवली. आबांनी डोळे पुसले, अर्थात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. पेन काढून वही उलटी करणार, तेवढ्यात तात्यांनी हात वर केला.

"मॅडम, एक शंका हाय."

"विचारा ना तात्या."

"बाईनं चहा मेढ्यात घेतला न्हवं?"

"हो."

"मग पसरणी कुठनं आला? मेढ्याच्या गाडीला केळघर घाट लागतोय. पसरणी वाईवरनं जाणाऱ्या गाडीला." आणि मग, खरोखर काळजीनं, "म्हंजे बाई मेढ्यातनं मागं साताऱ्याला आली, तिथनं पाचवड, वाई, आन् मग पसरणी. शेवटची गाडी हुती म्हनता. मग ही दुसरी गाडी कुठली? आन् तिकीट?"

खोलीत शांतता पसरली. यावेळी सगळे खरोखर अंतर्मुख झाले होते. पितृसत्तेची वळणं दुसऱ्याच रस्त्यावर निघाली होती. प्रतीक ज्यांना दिसलं त्या दोघांनीही त्या रस्त्यानं जन्मात शंभरदा प्रवास केलेला आहे, आणि मीही. माझं आजोळच मेढ्याच्या अलीकडचं. तरी एकालाही घाट बदललेला कळला नाही. सर म्हणाले, "साहित्यात एवढं भौगोलिक..." आणि वाक्य तसंच सोडून त्यांनी चहा आला का ते बघायला मुलाला खाली पाठवलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आधी तात्यांवर चिडले. कथा म्हणजे काय एसटीचं वेळापत्रक आहे? मग वही काढली. तात्यांचा अभिप्राय कुठल्या बाजूला लिहायचा, तेच ठरेना. मी त्यांना कधी काही दिलेलं नव्हतं, तेव्हा ही परतफेड नव्हे. त्यांना माझ्याकडून काही नको होतं, तेव्हा हे कर्जही नव्हे. तेहेतीस वर्षांत अशी नोंद माझ्या हातून झालेली नाही. शेवटी पान कोरं सोडलं.

तेराव्या शतकात म्हाइंभट चक्रधरांच्या लीळा गोळा करत हिंडले, तेव्हा ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून विचारत होते, नागदेवाचार्यांकडून तपासून घेत होते. म्हणजे मराठी गद्याची सुरुवातच मुळी 'हे असंच झालं ना?' असं विचारण्यापासून आहे. आणि मला माझ्या आजोळची वाट कुणाला विचारावीशी वाटली नाही.

पुढं तीन आठवडे मी त्या बाईला घेऊन झगडत होते. वाईवरून न्यायची तर मेढ्याचा चहा जातो, आणि चहाबरोबर ते दीड पान. मेढ्यावरून न्यायची तर वाईचे दिवे जातात. केळघरात पावसाळी रात्री खिडकीतून दिसतं ते धुकं, आणि दरड पडेल का ही धास्ती. शेवटी चहा कापला. दीड पान गेलं आणि मला धक्काच बसला, कारण कथेला काहीही झालं नाही. उलट बाई जरा लवकर निर्णयाला आली. कथा एका दिवाळी अंकात छापून आली. आमच्यातला रिवाज असा की छापून आलं की अर्धा किलो कंदी पेढे आणायचे. मानधन पेढ्यांपेक्षा थोडं कमी होतं. तात्यांना मी दोन पेढे दिले.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण पुढच्या उन्हाळ्यात तात्यांनी लिहिलं.

सरांनी शेवटी गाठलंच त्यांना. शाळेच्या वहीत, निळ्या शाईनं, गाडीच्या आठवणी. केळघर घाटात दरड कोसळून गाडी रात्रभर अडकली, गाडीत एक लग्नाचं वऱ्हाड होतं, त्यांनी बुंदीचा करंडा उघडला, आणि पहाटेपर्यंत नवरदेवासकट सगळ्यांनी बुंदी खाल्ली. तिकिटांचा हिशेब चिकट झाला म्हणून डेपोत तात्यांना बोलणी खावी लागली. इतकं चांगलं त्या खोलीत मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आणि मग शेवटच्या पानावर तात्यांनी माणुसकी, जातपात, जीवन हाच एक घाट, असं सगळं घातलं होतं. ते कुठून आलं ते मला लगेच कळलं. आमच्याकडूनच ऐकलेलं होतं ते, दोन वर्षं, गुडघ्यावर हात ठेवून.

मला म्हणता आलं असतं, "तात्या, शेवटचं पान फाडा, बुंदीवर थांबा." एवढं एकच वाक्य. माझ्यावर त्यांचं देणं होतं, आणि ते फेडायची हीच वेळ होती. पण तात्या माझ्याकडे बघत होते, पहिल्यांदाच वाचणाऱ्याच्या खुर्चीवरून, आणि वहीची कडा अंगठ्यानं चुरगाळत होते. मी म्हटलं, "अंतर्मुख करणारं आहे." पैठणी. बाकीच्यांनीही मग आपापल्या ऐपतीप्रमाणे दिलं. हायकूताईंनी 'तरल'सुद्धा दिलं, बुंदीला.

त्या दिवसापासून तात्यांची शंका बंद झाली. आता ते मांडीवर वही ठेवून बसतात, नंबर जवळ आला की ओठ हलवतात. मध्यंतरी एकाच्या कथेत आषाढात पळस फुलला, कुणी काही बोललं नाही. तात्या म्हणाले, "छान. वर्णन छान हाय."

मला खात्री करून घ्यायची होती. गेल्या महिन्यात मी मुद्दाम एक कथा लिहिली. त्यातला नायक राजवाड्यापासून चालत निघतो आणि पाच मिनिटांत सातारा रेल्वे स्टेशनवर पोचतो. आमचं स्टेशन गावाबाहेर तिकडं माहुलीकडे आहे. रिक्षावाला भाव ठरवल्याशिवाय हलत नाही, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. मी ते वाक्य सावकाश वाचलं. थांबले. पाणी प्यायले. तात्यांकडे बघितलं.

सर म्हणाले, 'गतिमान'. मुलगा म्हणाला, स्टेशन हे निघून जाण्याचं प्रतीक आहे. हायकूताई तरल. तात्या म्हणाले, "ओघवती हाय मॅडम."

त्यांच्या नावापुढचं कोरं पान मी घरी जाऊन भरलं. खातं जुळतं.

तर वाचकहो, पुढची बैठक येत्या दुसऱ्या रविवारी चार वाजता आहे, म्हणजे साडेचारला. मंडळात एक जागा रिकामी झाली आहे. लिहीत नसाल तर जरूर या. लिहीत असाल तर वही घरी ठेवून या. चहा मिळेल, पंखा चालू असतो. कृपया आहेर आणू नये.